आप्पांचं बेणं

अंकितानं फ्रीझरच्या खोक्यातून चौतिसावी नळी काढली, तिच्यावरचं लेबल नखानं खरवडलं आणि त्या जागी नवं चिकटवलं. जुन्या लेबलावर शेतकऱ्याचं नाव होतं, नव्यावर नुसता आकडा. हातमोजे असूनही बोटं गारठून गेली होती. तिनं नळी जागेवर ठेवली आणि पस्तिसावी काढली.

"हे आज कशाला काढलंयस?" पलीकडच्या टेबलावरून पुष्करनं विचारलं. दोघं तीन वर्षं एकाच प्रकल्पावर होती.

"नमुन्यांवर नावं नकोत. नियम आहे."

"नियम पहिल्यापासून आहे."

तिनं पुढची नळी काढली. पुष्कर उठून जवळ आला. तो नळीवरचं नवं लेबल सरळ बसलंय का ते बघत राहिला.

नळ्यांमध्ये हळदीच्या सडलेल्या गड्ड्यांतून वेगळा काढलेला जीव होता. शास्त्रात तो बुरशीत मोडत नाही, पाण्यातल्या शेवाळाशी त्याचं नातं जवळचं. पण गावात त्याला बुरशीच म्हणत आणि त्यानं होणाऱ्या रोगाला कंदकूज. दोन वर्षांत त्यानं कृष्णाकाठची पाच गावं धरली होती. त्यातलं एक अंकिताचं. बावीस शेतकऱ्यांच्या रानांतून तिनं स्वतः त्रेसष्ट नमुने उकरून आणले होते. प्रत्येकाचा जनुकक्रम बेंगळुरूहून पूर्ण वाचून आला, आणि कोणता जीव कुणापासून निघाला हे सांगणारी फांद्याफांद्यांची आकृती एकोणीस दिवसांपूर्वी तिच्या पडद्यावर उमटली.

सगळ्या फांद्या एका खोडाला येऊन मिळत होत्या. खोडाशी तिच्या घरच्या रानाचे नमुने होते, विहिरीजवळचे.

त्या दिवशी तिनं संगणक बंद केला आणि बेसिनमधलं काचसामान धुतलं. धुऊन पालथं घातलेलं होतं तेही पुन्हा धुतलं. मग डबा खाल्ला. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर आली. वडील गेले तेव्हाही असंच झालं होतं. तेराव्यानंतर ती सांगलीला परत आली आणि अर्धवट राहिलेला प्रयोग तिथूनच पुढं सुरू केला. सगळे म्हणाले, फार धीराची आहे. तिला धीर वगैरे काही जाणवलं नव्हतं. काहीच जाणवलं नव्हतं.

फोन वाजला. गावच्या सोसायटीचा चेअरमन, धैर्यशील.

"ताई, रिपोर्ट आला का?"

"आलाय."

"झ्याक. मग उद्या या. सकाळी धाला मारुतीच्या देवळात बैठक लावलीया. लागणीच्या आत गुंडाचं काय ते मिटवून टाकायचं. माज्याच रानात ठिवलाय म्हणून लोकं मला बोलत्यात." तो जरा थांबला. "त्याचंच नाव आलं असंल की."

"उद्या सांगते," अंकिता म्हणाली.

गुंडा बारा वर्षांपूर्वी जत तालुक्यातून आलेला. धैर्यशीलचं ओढ्याकडचं रान वाट्यानं करायचा. रान खोलगट, पाणी साचणारं. कंदकूज पहिल्यांदा डोळ्यावर आली ती त्याच्याच सऱ्यांत, आणि मग गावानं ठरवून टाकलं की दिवाळीला गावाकडं जातो तेव्हा यानंच कुठूनतरी नासकं बेणं आणलं. आधी लोक त्याच्या बांधावरून जायचे बंद झाले. मग त्याच्या रानातलं पाणी खाली आपल्याकडं येतं म्हणून त्याचा पाटच बुजवला.

त्याच दिवशी, शनिवारी, दुपारच्या एसटीनं ती गावी पोचली. तिचा भाऊ विश्वजीत चिंचेखाली बेण्याचा ढीग सारखा करत होता. वर हळदीचा वाळला पाला अंथरलेला. लागणीला महिना होता.

"आलीस व्हय," तो म्हणाला. "आई आत हाय."

"दादा, जरा विहिरीकडं चल."

त्यानं तिच्याकडं पाहिलं, हात झटकले आणि मागोमाग आला. विहिरीजवळ कुणी नव्हतं. तिनं पिशवीतून कागद काढला, कठड्यावर पसरला, उडू नये म्हणून त्यावर हात ठेवला आणि प्रयोगशाळेत सांगतात तसं सांगितलं. हे खोड, ह्या फांद्या. हे इथलं रान, ही बाकीची. गुंडाचं रान हे, पार टोकाला. त्याच्यापासून पुढं कुणाला काही गेलेलं नाही.

विश्वजीत कागदाकडं बघत राहिला.

"आपलं रान तर सगळ्यात चांगलं हुतं," तो म्हणाला. "आप्पांच्या वक्ताला एकरी कुणाला एवढी हळद निघायची न्हाई."

"म्हणूनच. आप्पा शेणखत भरपूर घालायचे. आपल्या मातीत दुसरी एक बुरशी आहे, चांगली. ती ह्याला दाबून धरते. म्हणून आपले गड्डे वरून निरोगी दिसायचे. पण आत हा होता. तेच बेणं दुसऱ्याच्या मातीत गेलं, तिथं दाबायला कुणी नव्हतं."

"आप्पांनी वाटलेलं बेणं."

"हो."

तीन वर्षांपूर्वी, अक्षय्य तृतीयेच्या आधी, त्यांच्या वडिलांनी, नाथाजी आप्पांनी, बेणं वाटलं होतं. आदल्या वर्षी पुरानं नदीकाठच्या सगळ्यांची हळद गेली होती. आप्पांचं रान उंचावर, तेवढं वाचलं. तीस-बत्तीस घरांना त्यांनी एक पै न घेता बेणं दिलं. अजूनही त्यांचं नाव निघालं की लोक आधी तेच सांगायचे.

"रिपोर्टात आकडं असत्यात न्हवं?" विश्वजीतनं विचारलं. "नावं न्हाईत?"

"आकडे आहेत."

"मग आकडंच सांग. गुंडाचं न्हाई म्हण, कुणाचं ते कळत न्हाई म्हण. झालं की." त्यानं कागदाची घडी घातली आणि तिच्या हातात दिली. "आप्पा परत येऊन काय सांगणार हायत का आता."

आवाजात राग नव्हता. तो परत ढिगाकडं गेला. अंकिता थोडा वेळ कठड्याला टेकून उभी राहिली. त्रेसष्टही नळ्यांची लेबलं तिनं त्याच सकाळी बदलली होती. भावानं आता जे सुचवलं, ते तिच्या हातांना आधीच सुचलं होतं.

मग ती बांधाबांधानं ओढ्याकडं उतरली.

गुंडा पत्र्याच्या खोलीसमोर बसून ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. आत खाटेवर दोन बोचकी बांधून ठेवलेली दिसत होती. तिला बघून तो उठला, एक पोतं झटकून दगडावर टाकलं.

"बसा अक्का. रिपोर्ट आला म्हणं."

"आलाय. गुंडादादा, तुमच्या रानातनं रोग आलेला नाही."

त्यानं मान हलवली. चेहऱ्यावर फरक पडला नाही. अंकिताला वाटलं, त्याला कळलं नाही.

"म्हणजे तुमच्याकडं तो बाहेरून आला. तुम्ही आणला नाहीत."

"ते मला ठावं हाय की."

"आणि आला तो..."

"विहिरीकडनं," गुंडा म्हणाला. "आप्पांच्या."

पाट बुजवला तिथं कोरड्या मातीला भेगा गेल्या होत्या. अंकितानं त्यांच्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"तुम्हाला कसं माहीत?"

गुंडानं हातातली नळी खाली ठेवली. सांगावं की नको असं त्याच्या तोंडावर काही नव्हतं. खूप दिवस तयार ठेवलेलं बोलणं असावं, तसा तो बोलला.

"बेणं वाटलं त्याच साली. भादवा हुता. आप्पांनी मला हाळी मारली. विहिरीच्या पाण्याची जिथं गळती हुती, तिथली चार-पाच झाडं पिवळी पडल्याली. आमी दोघांनी उपटून बघितली. गड्डं पार मऊ, बोट घातलं तर आत जाईल. आप्पा खाली बसलं. म्हणालं, गुंडा, ह्योच ढीग मी गावाला वाटलाय रं."

"मग?"

"मग खड्डा काढला आन् पुरलं सगळं. म्हणालं, तू कुणाला बोलू नगंस. मी सवता सांगतो. लोकांस्नी घरचं बेणं पुढच्या साली लावू देऊन चालायचं न्हाई." त्यानं गमछ्यानं मान पुसली. "मी म्हटलं, बरं."

"आणि सांगितलं नाही."

"सांगणारच हुतं. रोज म्हणायचं, उद्या सांगतो. मग म्हणालं, दसरा होऊ दे. मग दिवाळी झाली. संक्रांतीला मी इचारलं, आप्पा, आता हळद निघंल, लोकं बेणं राखतील. व्हय म्हणालं. उद्या." गुंडानं नळी पुन्हा उचलली. "माघात गेलं."

भाद्रपद ते माघ. अंकितानं मनात महिने मोजले. त्या सहा महिन्यांत ती चार वेळा गावी आली होती. एकदा आप्पांनी तिला विचारलं होतं, कंदकुजीवर काही औषध आहे का. तिनं दोन नावं लिहून दिली होती आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून निघाली होती.

"तुम्ही का नाही बोललात? लोकांनी तुमचं पाणी बंद केलं."

"कुणाला सांगू? म्येलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, आन् मी परमुलखातला. कुणाला खरं वाटलं असतं?" तो पहिल्यांदाच थोडासा हसला. "आन् मला पन बेणं त्यांनीच दिल्यालं. वाटेकऱ्याला कोण देतंय फुकट."

ती वाट बघत होती, तो म्हणेल की जाऊ द्या, झालं ते झालं. मोठ्या माणसाचं नाव कशाला. येताना बांधावर तिनं स्वतःशी ते ऐकूनही टाकलं होतं. पण गुंडा म्हणाला,

"आता तुमच्या मशिनीनं सांगितलंय न्हवं? मग सांगा अक्का. उद्याच सांगा. माज्या पोरीला शाळंत बुरशी म्हणत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोरच्या पारावर आणि खाली सतरंजीवर मिळून साठ-सत्तर माणसं होती. बायका पायऱ्यांपाशी. त्यांच्यात अंकिताची आई मनुबाईही येऊन बसली; एरवी ती बैठकीला कधी यायची नाही. विश्वजीत मागं मोटारसायकलला टेकून उभा होता. गुंडा सगळ्यांत कडेला, कमानीबाहेर.

अंकिता उभी राहिली. तिनं कागद उघडलाच नाही.

"आरतीची वही आपण एकमेकांची बघून उतरवून घेतो," ती म्हणाली. "एकाच्या हातनं एक शब्द चुकतो. त्याच्या वहीवरून जो उतरवतो त्याच्याकडं तीच चूक जाते, वर त्याची आणखी एक. सगळ्या वह्या गोळा केल्या तर चुका बघून सांगता येतं, मूळ वही कुणाची. ह्या रोगाच्या जिवाचंही तसंच असतं. आम्ही त्रेसष्ट वह्या वाचल्या."

"मग कुणाची निघाली?" धैर्यशीलनं विचारलं.

"गुंडादादांची नाही. त्यांच्याकडं रोग दुसऱ्याकडून गेलाय. त्यांच्याकडून कुणाकडंही गेलेला नाही. मूळ आमचं आहे. आमच्या विहिरीजवळचं. आप्पांनी जे बेणं वाटलं, त्यातनं तो सगळीकडं गेला."

तिचा आवाज सपाट होता. तिला तो स्वतःलाच दुरून ऐकू आल्यासारखा वाटला. विश्वजीतनं मान फिरवली.

मग पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "माज्या घरी तर आप्पांनी सवता पाठीवर आणून टाकल्यालं."

"आमच्यात बैलगाडीनं दिल्यालं," दुसरा म्हणाला.

"आमाला म्हणालं, अजून लागलं तर न्या."

एकेक करून सगळ्यांनी सांगितलं. कुणी रागानं बोललं नाही. मयताला बसायला आल्यासारखी माणसं बोलत होती. दोन वर्षांची हळद मातीत गेलेली माणसं. कमानीकडं मात्र कुणी बघत नव्हतं.

शेवटी धैर्यशीलनं घसा साफ केला. "झालं ते झालं. आप्पांचा हेतू चांगला हुता. त्यास्नी तरी कुठं म्हाईत हुतं?"

"न्हाईच की," चार-पाच जण एकदम म्हणाले. "त्यास्नी काय ठावं."

बैठकीला सुटल्यासारखं झालं. कुणी टोपी सारखी केली, कुणी तंबाखूची डबी काढली. धैर्यशील कमानीकडं वळला. "व्हय का न्हाई रं गुंडा? तू तर शेजारीच हुतास."

गुंडानं धैर्यशीलकडं पाहिलं नाही. तो अंकिताकडं बघत होता. कालच्यासारखाच, शांतपणे. व्हयही नाही, न्हाईही नाही.

जनुकक्रमात हे कुठं लिहिलेलं नव्हतं. रोग कुठून कुठं गेला एवढंच त्यातून कळतं. अंकितानं घडी घातलेला कागद ह्या हातातून त्या हातात घेतला.

"माहीत होतं," ती म्हणाली. "भाद्रपदात कळलं त्यांना. सांगणार होते. सांगितलं नाही."

तंबाखू मळणारा हात थांबला. पाठीवरून आणलेल्या बेण्याची आठवण सांगणारा म्हातारा तिच्याकडं बघत राहिला.

"म्हंजी आमी घरचं बेणं ठिवलं, तवा त्यास्नी ठावं हुतं?"

"हो."

म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून उठला, चपला पायात सरकवल्या आणि कुणाशी न बोलता निघून गेला. त्याच्यामागून आणखी दोघं गेले. राहिलेल्यांनी पुढचं बोलणं थोडक्यात आटपलं. यंदा कुणी घरचं बेणं लावायचं नाही. बाहेरून आणायचं आणि अंकिताकडून तपासून घ्यायचं. निघताना धैर्यशील गुंडाजवळ थांबला. "पाट उद्या मोकळा करून देतो तुजा," म्हणाला. गुंडा म्हणाला, "बरं." एवढंच. अंकितानं नंतर विचारलं, राहणार ना, तर तो म्हणाला, "पोरीची परीक्षा हुईस्तवर हाय हितंच. म्होरचं बघू."

मायलेकी घरी चालत आल्या. विश्वजीत परस्पर रानात गेला होता. आईनं हातपाय धुतले, चूल पेटवली, भाकरी थापल्या. अंकिता भिंतीला टेकून बसली. आईनं तिच्यापुढं ताट ठेवलं, भाकरी वाढली, आमटीची वाटी भरून ठेवली आणि समोर बसली.

"भादव्यापास्नं?" आईनं विचारलं.

"हो."

"गुंडानं सांगितलं?"

"हो."

आईनं परातीतलं उरलेलं पीठ बोटानं एका बाजूला गोळा केलं. पुन्हा पसरलं, पुन्हा गोळा केलं.

"तवापास्नं जेवत न्हवतं ते," ती म्हणाली. "अर्धी भाकरी खायाचं आन् ताट सारायचं. इचारलं तर म्हणायचं, भूकच न्हाई. मी आमटी बदलून बघितली, कालवण बदलून बघितलं. शेंगदाणं घालून बघितलं. मला वाटलं, ह्यास्नी माज्या हातचं आवडंना झालं."

चुलीतलं लाकूड तिनं पुढं सारलं.

"दोन वर्सं मला त्येच वाटतंय," ती म्हणाली.

अंकितानं भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. आई तिच्या तोंडाकडं बघत होती.

"कशी झालीया?"

अंकितानं घास गिळला. चव कळली नाही.

"चांगली झालीय," ती म्हणाली. "वाढ अजून."